पिवळा दिवा लागला, कोडही मिळाला, पण बिघाड कुठाय?

सकाळी गाडी चालू केली, डॅशबोर्डवरचे बाकीचे दिवे नेहमीसारखे विझले आणि एक तेवढा राहिला. इंजिनाच्या आकाराचा, पिवळा. गाडी चालायला अगदी नीट होती, आवाज नाही, झटका नाही, पिकअप नेहमीचंच, फक्त सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगला हाताला जाणवेल न जाणवेल अशी थरथर. म्हटलं बघू संध्याकाळी. संध्याकाळी गॅरेजला नेली, मेकॅनिकने स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१, तो म्हणाला "ताई, ऑक्सिजन सेन्सर गेलाय", नवीन सेन्सर बसला, कोड इरेज केला, दिवा गेला, मी घरी आले. पाचव्या दिवशी दिवा परत हजर. परत स्कॅनर, परत तोच पी०१७१, आता म्हणे सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल, नाहीतर मग ईसीएम बघावा लागेल.

ईसीएम हा शब्द ऐकल्यावर मी गाडी परत घेऊन आले. इंजिनाचा अख्खा कॉम्प्युटर बदलायचा तर आधी त्या कोडचा अर्थ काय तो तरी मला कळू दे, एवढंच डोक्यात होतं. पुढचे दोन आठवडे मी या एका दिव्याच्या मागे लागले होते, त्यात जे समजलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण हा दिवा लागल्यावर लोकांची जी घाबरगुंडी उडते आणि त्या घाईत जे चांगले पार्ट काढून फेकले जातात ते बघून खरंच जीव तुटतो.

आधी माझ्या कोडचंच सांगते. पी०१७१ म्हणजे सिस्टिम टू लीन, बँक १. साध्या भाषेत, इंजिनाच्या त्या बाजूला हवा जास्त पडतेय किंवा पेट्रोल कमी पडतेय. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं, ते गणित बिघडलंय. आता हे गाडीला सांगितलं कोणी? ऑक्सिजन सेन्सरने. तो सायलेन्सरच्या पाईपात बसून जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते मोजतो, जास्त उरला तर लीन, कमी उरला तर रिच. म्हणजे कोड काय म्हणत होता तर सेन्सरने हवा जास्त असल्याची तक्रार केलीय. आणि आम्ही काय केलं, तक्रार करणाऱ्यालाच उचलून बाहेर काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी. सेन्सर बिचारा खरं बोलत होता. सेन्सर स्वतः खराब असेल तर त्याचे कोड वेगळे असतात, उदाहरणार्थ त्याच्या आतला हीटर गेला तर पी०१३५, सर्किटमध्येच गडबड असेल तर पी०१३० वगैरे. सेन्सर म्हातारा होऊन चुकीचं सांगतोय असंही कधी कधी होतं, नाही असं नाही, पण ते तपासून ठरवायचं असतं, कोड बघून नाही.

हा दिवा मुळात आला कशासाठी तेही सांगते कारण त्यावरून बऱ्याच गोष्टी उलगडतात. गाडीच्या धुरावर लक्ष ठेवायला म्हणून हा आला. सुरुवात कॅलिफोर्नियाने केली, १९८८ च्या गाड्यांपासून, मग १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नवीन कार्सना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः ओळखून कोड ठेवायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला त्यानंतर. म्हणजे या दिव्याचा मूळ प्रश्न "इंजिन मरतंय का" हा नाहीच, "ही गाडी ठरल्यापेक्षा जास्त प्रदूषण करेल का" हा आहे. म्हणून तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट लागलं नाही तरी काही गाड्यांत तो लागतो, टाकीतून पेट्रोलची वाफ बाहेर जातेय म्हणून, आणि इंजिनातलं ऑइल निम्म्यावर आलं तरी हा दिवा ढिम्म हलत नाही कारण ते त्याचं खातंच नाही. ऑइल प्रेशरचा लाल दिवा वेगळा (तेलाच्या कॅनसारखा दिसतो तो), टेम्परेचरचा लाल दिवा वेगळा, आणि ते दोन लागले तर विचार करत बसायचं नाही, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला, इंजिन बंद. ऑइल प्रेशर नसताना चालवलेलं इंजिन मिनिटांत कायमचं जाऊ शकतं. पिवळ्या दिव्याला एवढी घाई नाही. त्याला एकच अपवाद आहे आणि तो मात्र नीट लक्षात ठेवा.

दिवा लुकलुकत असेल तर.

दादाच्या गाडीला झालं होतं हे. घाट चढताना त्याचा फोन आला, वहिनीने लावून स्पीकरवर ठेवला होता, म्हणे गाडी गचके देतेय, मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी, आणि तो इंजिनाचा दिवा लागतोय बंद होतोय लागतोय बंद होतोय, अजून दहा-बारा किलोमीटर आहेत, हळूहळू जातो. मी म्हटलं दादा, हळूहळू पण नको, आधी बाजूला घे. स्थिर पिवळा दिवा म्हणजे वेळ काढून दाखवा, आणि लुकलुकणारा म्हणजे मिसफायर इतका वाढलाय की आत्ता या क्षणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसून धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याचं, नुकसान होतंय. होतं काय, एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, तिथलं पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरमध्ये जातं, आणि कन्व्हर्टर आधीच शेकडो अंशांवर तापलेला असतो, मग ते पेट्रोल तिथे आत जळायला लागतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जी सिरॅमिकची जाळी असते, प्लॅटिनम पॅलेडियम ऱ्होडियमचा लेप दिलेली, ती या उष्णतेने वितळते, मग वितळलेला गोळा वाट अडवतो आणि गाडी श्वासच घेईना होते. गाडीतल्या सगळ्यात महागड्या पार्टांपैकी एक आहे तो, आणि बहुतेक वेळा त्याला मारणारी वस्तू असते एक साधी कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) किंवा घासलेला प्लग.

दादाने गाडी बाजूला घेतली, टो करून आणली, दुसऱ्या दिवशी मी गेले. कोड होता पी०३०२. पी०३०० म्हणजे मिसफायर आहे पण एका ठराविक सिलिंडरचा नाही, आणि शेवटचा आकडा १, २, ३, ४ असेल तर त्या नंबरचा सिलिंडर. म्हणजे दोन नंबर. आता इथेही लगेच कॉईल मागवायची नाही, कारण सिलिंडर मिस करायला कॉईल, प्लग, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब, असं काहीही कारण असू शकतं. सगळ्यात सोपी आणि फुकट युक्ती म्हणजे अदलाबदल. इंजिन बंद, थंड झालेलं, दोन नंबरची कॉईल काढून तीन नंबरवर लावली, तीनची दोनवर. कोड इरेज केला, गाडी उभ्या उभ्या चालू केली, फार वेळ नाही, दोनेक मिनिटं. कोड आला पी०३०३. बिघाड कॉईलबरोबर तीन नंबरवर गेला म्हणजे कॉईलच. तो दोनवरच राहिला असता तर मग प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन बघणं, असं एक एक पायरी. ती कॉईल हातात घेऊन नीट पाहिली तर रबराच्या नळीला केसाएवढी करड्या रंगाची रेघ होती, वरपासून खालपर्यंत, तिथून ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाजूच्या लोखंडात उडत होती. घाट चढताना इंजिनावर लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, मग वीज सोपी वाट शोधते. म्हणून सपाटीवर गाडी ठीक आणि चढाला गचके.

तर हे कोड वाचायचं यंत्र घरी असायला काही हरकत नाही. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या आसपास कुठेतरी १६ पिनांचं एक सॉकेट असतं, वरची बाजू रुंद खालची अरुंद, त्यात ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर बसतो आणि फोनवर ॲप घेतलं की झालं. फक्त तो तिथे कायमचा लावून ठेवू नका, त्या सॉकेटला बॅटरीतून थेट करंट असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते. कोडची रचनाही समजायला सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी म्हणजे ब्रेक वगैरे, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. त्यापुढे ० असेल तर सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघायचा, इकडून तिकडून शोधलेला दुसऱ्याच गाडीचा अर्थ निघतो. त्याच्या पुढचा आकडा विभाग सांगतो, १ आणि २ हवा-इंधन, ३ इग्निशन आणि मिसफायर, ४ धुराचं नियंत्रण, ५ स्पीड आणि आयडल, ६ कॉम्प्युटर, ७ आणि ८ गिअरबॉक्स. पी०१७१ मधला १ म्हणजे हवा-इंधन, बरोबर?

पण एवढं कळलं म्हणजे बिघाड कळला असं नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. कोड म्हणजे पत्त्यातलं गल्लीचं नाव आहे. घर नंबर आपणच शोधायचा असतो. पी०४२० घ्या, कॅटॅलिस्टची कार्यक्षमता कमी झालीय असा कोड, तो आला की सरळ कन्व्हर्टर बदला असं सांगणारे खूप भेटतात. गाडी हे ठरवते कसं तर कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, आधीच्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वर खाली होत राहतं (सगळ्या गाड्यांत नाही, काहींत वेगळ्या प्रकारचा सेन्सर असतो), आणि कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर नंतरच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहतं. नंतरचाही आधीच्यासारखाच नाचायला लागला की पी०४२०. पण मधल्या पाईपाला गळती असेल, बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरी तो नाचेल. आणि कन्व्हर्टर खरंच गेला असेल तरी तो का गेला हे शोधायलाच हवं, जुना मिसफायर आहे का, इंजिन ऑइल जाळतंय का, नाहीतर नवीन बसवलेलाही त्याच वाटेने जाणार.

पी०१२८ असाच, इंजिन वेळेत गरम होत नाही. बहुतेक वेळा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटची वाट अडवणारी झडप), पण आधी गाडी थंड असताना कूलंटची पातळी बघा. आणि एकदम सहा-सात कोड आले, एकमेकांशी काही संबंध नसलेले, तर घाबरू नका, सहा-सात पार्ट एकदम मरत नाहीत. आधी बॅटरी बघा. मल्टीमीटर लावून गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवेत (काही नवीन गाड्या अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त करतात, ते वेगळं). ते ठीक असेल तर त्या सगळ्या सेन्सरांना जोडणारी सामाईक वायर किंवा अर्थिंगची वायर बघायची. बऱ्याच सेन्सरांना ५ व्होल्टचा एकच पुरवठा असतो, त्यातला एक शॉर्ट झाला की त्या ओळीतले सगळेच रडायला लागतात.

अजून एक, आणि हे मी स्वतः केलेलं असल्यामुळे मनापासून सांगते, कोड इरेज करायची घाई करू नका. कोड पडतो तेव्हा गाडी त्या क्षणाचा एक फोटो काढून ठेवते, फ्रीझ फ्रेम म्हणतात. आरपीएम किती होता, गाडीचा स्पीड किती, कूलंट किती गरम, इंजिनावर लोड किती, फ्युएल ट्रिम किती, सगळं. इरेज केलं की तो फोटोही गेला. पहिल्यांदा आमचा तसाच गेला, कोणी बघितलाच नाही. बॅटरीची वायर काढून दिवा घालवतात लोक, त्यातही हेच होतं. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करत असते, कॅटॅलिस्टची, ऑक्सिजन सेन्सरची, टाकीच्या वाफेची, त्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, ते सगळे परत शून्यापासून सुरू होतात आणि पूर्ण व्हायला कित्येक दिवसांचं वेगवेगळं ड्रायव्हिंग लागतं. जुनी गाडी घ्यायला गेलात आणि डॅशबोर्डवर एकही दिवा नसला तरी अडॅप्टर लावून हे मॉनिटर बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती, का ते विचारायचं. आणि चावी फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, हा पिवळा दिवा एकदा लागायलाच पाहिजे. तेव्हाही लागला नाही तर दिवाच काम करत नाहीये, किंवा कोणीतरी तो बंद करून ठेवलाय.

आता परत माझ्या गाडीकडे. दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा नशिबाने अजून इरेज केलं नव्हतं, फक्त कोड वाचला होता. घरी येऊन फ्रीझ फ्रेम उघडली. आरपीएम ७६०, स्पीड ०, कूलंट ८८ अंश. म्हणजे गाडी पूर्ण गरम होती आणि एका जागी उभी होती. हायवेला नाही, चढाला नाही, उभ्या उभ्या आयडलला. त्या तीन आकड्यांपाशी मी बराच वेळ बसले होते, कारण सिग्नलला जी थरथर मला जाणवत होती तीच इथे लिहिलेली होती आणि ती मी कोणाला सांगितलीच नव्हती, मला वाटलं त्याचा काय संबंध.

मग फ्युएल ट्रिम. हा प्रकार एकदा समजला ना की हवा-इंधनाचे निम्मे कोड सोपे वाटायला लागतात. कॉम्प्युटर हिशोब करून पेट्रोल सोडतो, सेन्सर मागून सांगतो कमी पडलं किंवा जास्त झालं, त्याप्रमाणे कॉम्प्युटर टक्क्यांत दुरुस्ती करतो. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ता या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे सवय झालेली, गाडी शिकून बसलेली. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, अधिक-उणे १० च्या आत असेल तर ठीक. अधिक म्हणजे कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल ओततोय कारण मिश्रण लीन आहे, उणे म्हणजे उलट. माझ्या गाडीची आयडलला लाँग टर्म होती अधिक २२ आणि शॉर्ट टर्म ५ ते ८ मध्ये हलत होती. म्हणजे जवळजवळ ३० टक्के जास्त पेट्रोल देऊन गाडी कशीबशी तोल सांभाळत होती. पाच दिवस दिवा का लागला नाही तेही यातच आहे. कोड पुसल्यावर हे शिकलेले आकडेही पुसले गेले होते, गाडी परत शून्यापासून शिकत शिकत वर गेली, मर्यादा ओलांडली, आणि त्यानंतरही एकाच फेरीत दिवा लावत नाही, बहुतेक बिघाडांना लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तेच दिसलं की मगच लावते (फेरी म्हणजे इंजिन चालू करून, गाडी चालवून परत बंद करेपर्यंत). नवीन सेन्सरमुळे काही सुधारलं नव्हतं, नुसती पाटी पुसली होती.

मग गाडी उभी ठेवूनच रेस दिली आणि २५०० आरपीएमला धरली. ट्रिमची बेरीज उतरत उतरत ७-८ वर आली. इथेच उत्तर होतं. कुठेतरी फट आहे आणि तिथून चोरून हवा आत जातेय असं धरा. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो, इंजिन मुळात हवाच थोडी घेतं, त्यात ही फटीतली हवा म्हणजे मोठा हिस्सा, शिवाय आत व्हॅक्यूम जोरात ओढत असतो. रेस दिली की एकूण हवा कितीतरी वाढते, त्यात फटीतली हवा नगण्य होते, ट्रिम खाली येतो. उलट पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा फिल्टर चोंदला असता तर जितकी मागणी जास्त तितकी तंगी जास्त, म्हणजे रेस आणि लोडवर ट्रिम वर चढला असता. (हे एअर-फ्लो सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर, असलेल्या गाड्यांचं सांगतेय, माझी तशी आहे. त्या सेन्सरच्या नंतर, इंजिनाच्या बाजूला शिरलेली हवा मोजलीच जात नाही ना, म्हणून गाडी फसते. नुसता मॅनिफोल्ड (थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा वाटून नेणारा भाग) प्रेशर सेन्सर असलेल्या गाडीत फट पडली तर ट्रिमपेक्षा आयडलच वाढलेलं दिसेल, असं होऊ शकतं.) तर मग ना सेन्सर, ना ईसीएम, ना पंप. एक फट शोधायची होती.

फट शोधायची उत्तम पद्धत म्हणजे धुराचं मशीन, इनटेकमध्ये हलका धूर भरायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. ते माझ्याकडे नव्हतं. काही लोक चालू इंजिनावर कार्ब क्लीनर मारून बघतात, जिथे मारल्यावर आवाज बदलतो तिथे फट, पण तापलेल्या इंजिनावर पेटणारी वस्तू फवारायला मला भीती वाटते आणि मी कोणाला तसं सुचवणारही नाही. मी दुसरं केलं. फोन बॉनेटच्या कडेला ठेवला, स्क्रीनवर शॉर्ट टर्म ट्रिमचा आकडा मोठा करून लावला, आणि मॅनिफोल्डला जाणारे रबरी पाईप एक एक करून चिमटायला लागले. पकडीच्या दातांना जाड कापड गुंडाळून, मॅनिफोल्डच्या जितकं जवळून जमेल तितकं, हळू, कारण जुनं रबर चिमट्यानेच तुटायचं. बाह्या वर, केस बांधलेले, फॅन कधीही सुरू होतो म्हणून हात त्याच्यापासून लांब. ब्रेकच्या बूस्टरचा पाईप, काही फरक नाही. टाकीच्या वाफेचा बारीक पाईप, काही नाही. मग पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून आतली वाफ परत मॅनिफोल्डला नेणारा, त्याचं कोपराच्या आकाराचं वळण मॅनिफोल्डला जिथे चढवलेलं असतं तिथे चिमटलं आणि इंजिनाचा सूर बदलला. थरथर थांबली. फोनवर आकडा ६, २, मग उणे ५, उणे १२, बघता बघता खाली. लाँग टर्मने सवयीप्रमाणे २२ टक्के जास्त पेट्रोल चालूच ठेवलं होतं ना, आणि आता चोरीची हवा बंद झाल्यामुळे तेच पेट्रोल जास्त व्हायला लागलं. पकड सोडली की परत वर. तीनदा करून बघितलं.

इंजिन थंड होऊ दिलं आणि ते वळण क्लिप सैल करून काढलं. वरून बघितलं तर अगदी चांगलं, काळंभोर, कुठे काही नाही. उलटं केलं तर खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेला लागूनच, नखाच्या आकाराची चीर. सरळ धरलं की बंद, दिसायचीही नाही, आणि वाकवलं की ओठ उघडावेत तशी उघडायची, आतून तेलाने मऊ चिकट आणि बाहेरून कडक. वर्षानुवर्ष तेलाची वाफ आणि इंजिनाची उष्णता खाऊन रबर असं होतं. बॉनेट उघडून शंभर वेळा बघितलं असतं तरी ती दिसली नसती, कारण ती मॅनिफोल्डच्या बाजूला तोंड करून होती.

तेच वळण नवीन आणलं, आकार नीट जुळवून, कारण साधा पेट्रोलचा पाईप तिथे वाकवून बसवला तर तो व्हॅक्यूमने चपटा होतो आणि तेलाने फुगतो. नवीन क्लिपा लावल्या. कोड मात्र मुद्दाम इरेज केला नाही. मला बघायचं होतं गाडी स्वतः काय म्हणते. दुरुस्ती खरी असेल तर लागोपाठ तीन फेऱ्यांत तो बिघाड दिसला नाही की दिवा आपोआप जातो, आणि या हवा-इंधनाच्या कोडांना तर साधारण तशाच परिस्थितीत, म्हणजे तेवढ्याच आरपीएम-लोड-तापमानाला तपासून मगच. कोडची नोंद त्यानंतरही मेमरीत राहते, साधारण ४० वेळा इंजिन गरम होऊन थंड होईपर्यंत.

पहिल्या दिवशी लाँग टर्म २२ वरून १३. दुसऱ्या दिवशी ७, दिवा तसाच. जाता येता मी मुद्दाम गाडी गरम झाल्यावर एका बाजूला दोन-तीन मिनिटं आयडलला उभी ठेवत होते, त्याला हवी ती परिस्थिती मिळावी म्हणून. तिसऱ्या दिवशी ४, दिवा तसाच, आणि खरं सांगते, रात्री झोपताना परत तो ईसीएम डोक्यात आला होता. चौथ्या दिवशी सकाळी चावी फिरवली, सगळे दिवे लागले, इंजिन चालू झालं, एक एक करत विझले. पिवळासुद्धा. अडॅप्टर लावून बघितलं तर ट्रिम अधिक ३, आयडलला आणि २५०० ला दोन्हीकडे जवळजवळ सारखा. जुना सेन्सर खोक्यात घालून ठेवलाय, त्याचं व्होल्टेज नंतर तपासलं, अजून व्यवस्थित चालतोय.